बिनकडीचं दार

८ डिसेंबर

गायत्रीनं ही डायरी मुद्दाम दिली. "आई, तुझा राग इथं लिहीत जा, म्हणजे बाबांच्या वाट्याला जरा कमी येईल," म्हणाली. सोलापूरला नोकरीला लागल्यापासून पोरगी फार शहाणी झालीय. बघू, कागदाला सोसतोय का.

आज घर विकायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं आणि ह्यांनी मान हलवली. आमचे हे, मल्लिनाथ, लग्न झाल्यापासून मानेनंच बोलतात. आठवड्यातून दोनदा सोलापूरला जाऊन डायलिसिस करून घ्यायचं, पहाटेची बस धरायची, संध्याकाळी परत यायचं. येताना हे सीटवर असे मिटून बसतात की कंडक्टरसुद्धा तिकिटाची घाई करत नाही. सोलापुरात दोन खोल्या घेतल्या तर हा जाच संपेल. त्याला पैसा पाहिजे, आणि पैसा म्हणजे हे घर. दुसरं आमच्याकडं काय आहे? पुढच्या खोलीतलं माझं ब्लाऊजपीस, अस्तर आणि फॉलचं दुकान. त्यावर चहापाणी भागतं.

घर भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेलं आहे, पण जागा मोक्याची. कोपऱ्यावर, समोर मोकळं मैदान, पलीकडं सडक. लोहाऱ्याचा सोमेश म्हणून एक जण घ्यायला तयार आहे. त्याची मोबाईलची दुकानं आहेत, इथं पाडून गाळे काढणार म्हणतो. पोरगा हुशार. आला तो सरळ "दोनशे चौदा नंबर ना?" म्हणतच आत आला. भिंतीवरचा नंबर रंगाखाली जाऊन किती वर्षं झाली, तरी ह्याला पाठ. चौकशी करून येणारं गिऱ्हाईक मला आवडतं.

त्यानं दार बघितलं आणि हसला. "काकू, आतून कडीच नाही?" आता त्याला काय सांगू. सासूबाईंची खोड. रुद्रम्मांनी हयातीत कडी बसवू दिली नाही आणि त्या गेल्यावर ह्यांनी बसवू दिली नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी दाराला कापडाचं गाठोडं टेकवून झोपते. समोर बेलाचं झाड लावीन म्हटलं तर तेही नाही. मैदानात बाज टाकली तर सासूबाई ती उचलून आत आणायच्या. एकेकाच्या घरी एकेक देव असतो, आमच्या घरी ती रिकामी जागा होती.

११ डिसेंबर

वकिलाकडं जाऊन आले. डोकं तापलंय.

फाइल घेऊन ऐटीत गेले होते. घरपट्टीच्या पावत्या, ग्रामपंचायतीचा आठ-अचा उतारा, लाइटबिल, सगळं सासऱ्यांच्या नावे, बंडप्पांच्या. वकिलांनी एकेक कागद बघून बाजूला ठेवला. म्हणाले, "घर कोण वापरतं आणि पट्टी कोण भरतं, ते हे कागद सांगतात. घर कोणाचं, ते सांगत नाहीत. सरकारनं घर दिलं त्याचा कागद?"

तो फाइलच्या तळाशी होता. त्यांनी वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. बंडप्पांना मिळालेलं घर एकशे सत्त्याऐंशी. आम्ही राहतो दोनशे चौदात.

आता अदलाबदल झाली होती हे मला माहीत नव्हतं असं नाही. गावात कितीतरी घरांची झाली. सरकारनं नकाशावर घरं वाटली. भाऊ एका टोकाला, भाऊ दुसऱ्या टोकाला. लोकांनी आपापसात बदलून घेतली. नारळ फोडला, पानसुपारी दिली, ट्रॅक्टरवर भांडी हलवली. कागद मात्र कोणी हलवले नाहीत. आमची अदलाबदल धोंडीबाशी. सासरे नेहमी सांगायचे, धोंडीबानं गळ घातली म्हणून आपण आपलं घर त्याला दिलं आणि हे घेतलं. म्हणजे आम्ही उपकार करायचे आणि कागदावर आमच्याच घराचा मालक धोंडीबा!

मी म्हटलं, इतकी वर्षं राहतोय, आता आमचंच झालं ना? सगळे असंच म्हणतात.

वकील म्हणाले, "बाई, ते सगळे कोर्टात आले की रडतात. कोणाच्या संमतीनं राहिलात तर नुसतं राहून मालकी येत नाही. मग ती कितीही वर्षं असोत."

मार्ग एकच. अदलाबदलीचा दस्त करायचा आणि तो नोंदवायचा. धोंडीबा वारले, म्हणून त्यांची बायको तुळजाबाई आणि मुलगा कृष्णराज, दोघांच्या सह्या. आमच्याकडून ह्यांची. घर सरकारनं दिलेलं, आमच्या कागदावर परवानगीची अट आहे, तेव्हा आधी तहसीलला अर्ज. ते सगळं झाल्यावर विक्री.

म्हणजे माझं घर विकायला मी तुळजाबाईपुढं पदर पसरायचा. बंडप्पा सावकारासारखे व्यवहार करायचे, वजनात रतीभर सोडायचे नाहीत, आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा केला तो पानसुपारीवर.

१४ डिसेंबर

सोमेशला विसार द्यायला सांगितलं. म्हणजे निदान सोलापूरला खोल्या बघता येतील. तर म्हणतो, "काकू, तुळजाबाईंचं निस्तरल्याशिवाय विसार कसा देऊ?" बरोबर आहे एका अर्थी, पण राग यायचा तो आलाच. मी त्याला अजून वकिलाचं काही सांगितलंही नव्हतं. वर म्हणाला, "ऐकलंय की म्हातारीचा जीव कोपऱ्यावर आहे. एवढ्या मोक्याचं कोण सोडतंय?"

मला वाटलंच होतं.

१७ डिसेंबर

वाटलं होतं ते खरं निघालं. दुपारी तुळजाबाई येऊन पायरीवर बसली. अठ्ठ्याहत्तरीची बाई, काठी टेकत तिसऱ्या ओळीतनं इथवर आली ती काय हवा खायला? बसल्या बसल्या दाराकडं बघत होती, मैदानाकडं बघत होती. आपली इस्टेट डोळ्यांनी मोजत होती, दुसरं काय.

"महेश्वरी, एक बोलायचं हुतं," म्हणाली. "त्यो लोहाऱ्याचा पोरगा—"

म्हटलं, "मावशी, घराचं जे काही बोलायचं ते वकिलासमोर बोलू. तोंडी बोलून आधीच एवढा घोळ झालाय." दुकानात दोघी बायका अस्तराला रंग जुळवत उभ्या होत्या, त्यांच्यासमोर घरच्या गोष्टी कशाला? ती थोडा वेळ बसली, पाणी प्यायली आणि गेली. पाणी दिलं मी. माणुसकी सोडलेली नाही.

२३ डिसेंबर

काल बसमध्ये ह्यांना भोवळ आली. एका पोरीनं जागा दिली, एकानं लिंबू दिलं. घरी आल्यावर म्हणाले, "मला काही झालं नाही." माणूस पांढराफटक पडलाय आणि म्हणे काही झालं नाही.

मला कोणाचा राग येतोय तेच समजत नाही. तहसीलमध्ये अर्ज दिला तर तिथला माणूस म्हणाला, दोन्ही घरांच्या माणसांनी मिळून अर्ज द्या. म्हणजे पुन्हा तुळजाबाई. सगळ्या रस्त्यांच्या तोंडाशी हीच बाई बसलेली.

३० डिसेंबर, येळवस

आज शेतात पूजा करून तिथंच जेवायचं, म्हणून गाव सगळं रानात गेलं होतं. आम्हाला शेत नाही. दरसाल कोणी ना कोणी बोलावतं, यंदा ह्यांना घेऊन कुठं जाणार? दुपारी धोंडीबाची सून सोनाली डबे घेऊन दारात. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलानं भरलेली बिंदगी. "आत्यांनी धाडलंय. काकांना आंबील चालती का इचारलंय."

डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, ह्यांना आंबील कुठली? तरी ह्यांनी वाटीभर घेतलंच. डोळे मिटून प्यायले. पण मला हे सगळं कळतं. आधी आंबील पाजायची आणि मग सहीच्या वेळी तोंड उघडायचं. मी काही काल जन्मले नाही.

सोनाली जाताना म्हणाली, "काकू, सहीचं तेवढं आमचं बी बघा." बघा म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा. अशीच ही पोरगी पूर्वीही येत होती कसला तरी कागद घेऊन. घर दुरुस्तीला बँक कर्ज देईना, कागद बंडप्पांच्या नावावर आहे, तुम्ही लिहून द्या, असं काहीतरी. एकदा दुकानात पंचमीची गर्दी होती, एकदा अमावस्या होती. अमावस्येला कोणी सही करतं का? मग यायची बंद झाली. कामाची असती तर आली असती.

५ जानेवारी

सोमेश आला होता. त्यानं एक गोष्ट डोक्यात घातली आणि ती आता निघत नाही.

म्हणाला, "काकू, तुम्ही कशाला दबता? दोनशे चौदा त्यांच्या नावावर आहे तसं एकशे सत्त्याऐंशी तुमच्या नावावर आहे. नोटीस पाठवा, आमचं घर खाली करा म्हणून. दुसऱ्या दिवशी सही करतील." आणि मग आवाज उतरवून म्हणाला, "नाहीतर थोडी किंमत कमी करा, त्यांचं मी बघतो."

किंमत तर मी कमी करणार नाही. पण नोटीस? हे माझ्या लक्षात कसं आलं नाही! ह्यांना सांगितलं. ह्यांनी मान हलवली, पण आडवी. आणि चक्क तोंडानं म्हणाले, "नको."

का नको, ते सांगतील तर शपथ. उठून मैदानात जाऊन उभे राहिले. आई तशी मुलं. सासूबाई झोपेत कानडीत "बागला, बागला" करायच्या, म्हणजे दार, दार. सकाळी विचारलं तर काही नाही. ह्यांची धाकटी बहीण नीलम्मा भूकंपात गेली. हे तेव्हा वसतिगृहात होते, सोलापूरला. तिचा फोटो आहे भिंतीवर, दिवाळीला हार घालतो. पण तिच्याबद्दल ह्या घरात कोणी एक शब्द बोलेल तर! मुक्यांच्या घरात मला दिलं आणि वर म्हणतात महेश्वरी फार बोलते.

९ जानेवारी

वकिलांना फोन केला, नोटीस लिहा म्हटलं. ते म्हणाले, "लिहितो. पण तुम्ही पाठवलीत की तेही तशीच पाठवतील, आणि त्यांचा कागद तुमच्याइतकाच पक्का आहे. आज दोघांत भांडण नाही म्हणून एका दस्ताचं काम आहे. भांडण लागलं की तुमची नातवंडं तारखांना जातील. एकदा जाऊन बोला की."

बोला की! सगळे मलाच सांगणार. बरं, उद्या जाते. चांगली बोलून येते.

१० जानेवारी

नीट लिहिते.

मी तडक एकशे सत्त्याऐंशीत गेले. इतकी वर्षं एका गावात राहून मी त्या घरात कधी बसले नव्हते. दारावर थाप मारायला हात लावला तर दार आपोआप उघडलं, आत दोघी जेवायला बसलेल्या. दाराला कडी लावायची पद्धत नाही का ह्यांच्यात? मला उगीच ओशाळल्यासारखं झालं आणि त्यामुळं आणखी राग आला.

जे मनात होतं ते सगळं बोलले. आमच्या सासऱ्यांनी उपकार केले, तुम्हाला घर दिलं, आणि आता आमच्या संकटात तुम्ही कोपऱ्यावर डोळा ठेवून बसलात. माझा माणूस बसमध्ये पडतोय. तुमच्या एका सहीवाचून पडतोय.

सोनालीचा घास हातातच राहिला. "काकू, सही कोण न्हाय म्हनलंय? म्याच कितींदा आले तुमच्याकडं सहीला. छत गळतंय आमचं, बँक दारात हुबं करीना. तुमी दर येळी परत धाडलं."

आता गर्दी होती आणि अमावस्या होती हे तिला कसं समजावणार?

तुळजाबाई म्हणाली, "सोनाली, उठ, तिला पाट दे. महेश्वरी, बस. उपकार कुनी केलं म्हनलीस?"

म्हटलं, बंडप्पांनी.

ती हसली नाही, रागावलीही नाही. हात धुऊन आली आणि समोर बसली.

"तुज्या सासूला मातीतनं आमच्या ह्यांनी काढली. दाराशीच घावली. जुनं घर बोळातलं, समोरच्याची भिंत दारावर आल्याली. दार हलंना, आतनं कडी निघंना. तिचा हात कडीवर तसाच हुता, बोटं सोलल्याली. नीलम्मा मागं हुती, आईचा पदर धरून. पदर हातातनं सोडवाय लागला आमच्या ह्यांना."

सोनालीनं ठेवलेल्या पाटावर मी तेव्हा बसले.

"मग घरं मिळाली. तुमाला ह्ये, आतल्या ओळीतलं. समोर बी घर, मागं बी घर. रुद्रम्मा आत पाऊल टाकीना. पत्र्याच्या शेडात बसली, पाऊस न्हाय बघितला, थंडी न्हाय बघितली. म्हनायची, दारासमूर मोकळं पायजे. तसलं घर आमचं हुतं. बंडप्पा एवढा मोठा दुकानदार मानूस, आमच्या ह्यांच्या पाया पडाय निघाला. आमचे हे म्हनले, मालक, पाया कशाला पडता, भांडी उचला."

म्हणजे सासऱ्यांनी मला जन्मभर उलटं सांगितलं.

तुळजाबाई म्हणाली, "सही म्या करते, कृष्णराज बी करंल. तुमची बी सही आमाला लागतीया, तेवढी द्या. आनि त्यो पोरगा हाय न्हवं—" पण तेवढ्यात ह्यांची बस यायची वेळ झाली आणि मी उठून आले.

रात्री ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? मान हलवली. मग सांगितलं का नाही? "काय सांगायचं त्यात," म्हणाले. एवढंच.

मी कधीपासून गाठोडं टेकवतेय त्या दाराला. सासूबाई झोपल्यावर टेकवायचे आणि सकाळी ते बाजूला झालेलं असायचं. मला वाटायचं, माझ्यावर कुरघोडी करतात. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते एकदा त्यावरून. कोणी एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं? मला परकी समजले का हे सगळे? माझा राग आता कोणावर काढू, दोघंही सासूसासरे जाऊन बसले.

१८ जानेवारी

तहसीलला दोघींनी मिळून अर्ज दिला. तुळजाबाई माझ्या शेजारी बाकावर बसली होती. चहा मी पाजला, भजी तिनं. तिथल्या माणसानं विचारलं, "तुमचं नातं काय?" मी म्हटलं काही नाही. ती म्हणाली, "घराचं."

१४ फेब्रुवारी

परवानगी मिळाली. वकिलांनी खबरदारी म्हणून पेपरात नोटीसही दिली, कोणाची हरकत असल्यास कळवावं म्हणून. आपलं घर पेपरात छापून आलेलं बघून अंगावर काटा आला. जणू घर हरवलंय आणि कोणाला सापडलं तर आणून द्या. कोणाची हरकत आली नाही. आली असती तर मी बघून घेतलं असतं.

सोमेशचा रोज फोन. "दस्त झाला की लगेच माझं खरेदीखत करू, मी तिथंच येतो." घाई बघा! विसार द्यायला हात आखडता आणि आता पायाला भिंगरी.

३ मार्च

आज अदलाबदलीचा दस्त नोंदवला. कृष्णराज पुण्याहून रजा काढून आला होता. कार्यालयात आधी अंगठे, मग फोटो, मग साहेबांनी सगळ्यांना विचारलं, राजीखुशीनं करताय ना? तुळजाबाई म्हणाली, "ती राजीखुशी कवाच झाली, तुमी आता लिवताय." साहेबही हसले. ह्यांना जिना चढता येईना, कृष्णराजनं जवळजवळ उचलूनच आणलं. मुलगा बापासारखा दिसतो म्हणतात.

तर आता दोनशे चौदा आमचं आणि एकशे सत्त्याऐंशी त्यांचं. कागदावरसुद्धा.

खाली आलो तर सोमेश पेढे घेऊन उभा. तुळजाबाईच्या पुढ्यात डबा धरला. तिनं घेतला नाही. माझ्याकडं वळून सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्यो आला हुता दसऱ्याआदी माझ्याकडं. म्हनला, आजी, दोनशे चौदाचा कागद तुमचा हाय, मला लिहून द्या, तुमाला लई पैसं देतो. आत ऱ्हानाऱ्यांस्नी म्या बघतो."

मला आधी अर्थच लागला नाही. मग एकदम लागला. आला त्या दिवशी त्याला नंबर पाठ होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार. म्हनलं, घर रुद्रम्माचं हाय."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"दोनदा काढलं हुतं. तू बोलू दिलंस कुटं?"

वकील तिथंच होते. म्हणाले, ह्या बाईंनी तेव्हा सही केली असती तर घरात बसूनही तुम्हाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या, आणि निकाल काय लागला असता ते सांगता येत नाही. सोमेश "काकू, धंद्यात दोन्हीकडं विचारावं लागतं, तसं काही नव्हतं मनात" करत होता. मी त्याला विचारलं, म्हातारी कोपऱ्यावर डोळा ठेवून आहे असं तू मला सांगितलंस ना? तो मोबाईल बघायला लागला.

मी म्हटलं, तू विसार दिला नाहीस ते फार बरं केलंस बाळा. तुझं माझं काही देणं लागत नाही. पेढे घेऊन जा आणि पुन्हा माझ्या दारात दिसू नकोस.

जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं की सोलापूरच्या खोल्या मी आत्ताच रागाच्या भरात घालवल्या. ह्यांच्याकडं बघायची हिंमत होईना. ह्यांनी मान हलवली. उभी.

६ मार्च

दोन दिवस कोणाशी बोलले नाही. नवं गिऱ्हाईक शोधायचं म्हणजे पुन्हा महिने जाणार. आज संध्याकाळी तुळजाबाईच्या घरी गेले. कशाला गेले ते सांगता येत नाही. पाटावर बसले. म्हटलं, मावशी, आता कोणाला विकू?

"इकायचंच कशाला? भाड्यानं दे की. सोलापुरात बी भाड्यानं ऱ्हा. मानूस बरा झाला की परत ये."

सोनाली मशीनवर ब्लाऊज शिवत होती. पाय थांबवून म्हणाली, "म्या घेते पुढची खोली. तुमचं दुकान बी चालवते. निम्म्या बायका तर तुमच्याकडनं अस्तर घेऊन माझ्याकडंच येतात." आणि लगेच भाडं पाडून मागायला लागली! एवढ्या भाड्यात सोलापुरात खुराडं मिळत नाही. आम्ही दोघींनी चांगली घासाघीस केली. शेवटी जे ठरलं त्यात खोल्यांचं भाडं बरंचसं निघेल, उरलेलं गायत्री घालणार, असं सोनालीच म्हणाली. म्हणजे माझ्या आधी हिनं गायत्रीला फोनसुद्धा केला होता. सगळे माझ्यामागं कारभार करतात.

मी म्हटलं, करार करायचा, लिहून आणि नोंदवून.

तुळजाबाईला ते लागलं. "आपल्यात कागद?"

"आपल्यातच कागद पाहिजे. तुम्ही आहात म्हणून निभावलं. उद्या आपण दोघी गेल्यावर गायत्रीनं आणि हिच्या पोरांनी एकमेकांना नोटिसा पाठवायच्या का?"

तिनं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "ह्यात तुज्या सासऱ्यापरीस तुला अक्कल हाय."

११ मार्च

वकिलाकडं करार झाला. उद्या सोलापूरला निघायचं, सामान बांधलंय.

अकरा महिने, भाडं, लाइटबिल, दुरुस्ती कोणी करायची, सगळं त्यांनी भराभरा लिहिलं. मागची खोली आमच्याकडं, कुलूप आमचं. मी म्हटलं, आणखी एक लिहा. पुढच्या दाराला आतून कडी बसवायची नाही, आणि दारासमोरची जागा कशानंही अडवायची नाही.

वकील थांबले. "असं कलम कोणी घालत नाही, बाई. भाडेकरू उलट कडी मागून घेतात. कारण काय लिहू?"

म्हटलं, कारण लिहायचं नाही. कलम लिहा.

त्यांनी डोक्याला हात लावला आणि लिहिलं. सोनाली न वाचताच सही करायला निघाली, तेव्हा मी तिच्यावर ओरडले. एवढं सगळं होऊन हिला अजून कळत नाही, वाचल्याशिवाय सही करायची नसते. मग ती बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली. त्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"काकू, ह्ये लिवायची काय गरज हुती? आमच्या बी दाराला कडी न्हाय. रुद्रम्मा आजीस्नी काढून आले तवापास्नं मामंजींनी घराला कडी म्हनून बसवू दिली न्हाय."

आणि तिनं सही केली.